एका दिवसाची ८५

आज पहाटे साडेसहाला पुण्यात महात्मा फुले मंडईत. एका दिवसासाठी भाड्याने आणलेली ८५ एमएम एफ/१.८ लेन्स माझ्या फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) मिररलेस कॅमेऱ्यावर चढवलेली. विकत घ्यायची की नाही हे एकदाचं ठरवायचं होतं, वर्षभर नुसते रिव्ह्यू बघतोय.

गजरे ओवणाऱ्या एका मावशींना विचारलं, "फोटो काढू का?" "काढ की, पण गिऱ्हाईक आलं तर सरक." दीड मीटरवरून एफ/१.८ला, म्हणजे लेन्सचं तोंड पूर्ण उघडं ठेवून, जेमतेम तीन सेंटीमीटर पट्टा शार्प राहतो. चेहरा जरा तिरका होता, तर जवळचा डोळा पापणीसकट टोकदार आणि दुसरा विरघळलेला. शिवाय आय-एएफ (डोळा ओळखून आपोआप फोकस करणारी सोय) दोनदा डोळा सोडून चष्म्याच्या दांडीवर जाऊन बसला! तोंड बारीक करून एफ/२.८वर आलो तेव्हा कुठे दोन्ही डोळे हाती लागले, पण उजेड अडीच पटीने कमी, म्हणजे आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) वाढवा.

बॅकग्राउंडमधले बल्ब मधोमध गोल, कडेला लिंबाच्या फोडीसारखे. मला आवडले, खोटं कशाला बोलू. तागडीच्या चकचकीत कडेला मात्र जांभळी झालर. आणि ओवणारी बोटं जवळून हवी होती, तर ऐंशी सेंटीमीटरच्या आत ही फोकसच करत नाही. तिथे माझी जुनी पन्नास एमएमच बरी.

मावशींना स्क्रीनवर फोटो दाखवला. म्हणाल्या, "मागं माझं दुकान कुठं गेलं?"

उद्या दहाच्या आत लेन्स परत द्यायचीय. कुणाकडे सेकंडहँड आहे का?