मांगरातली जीटी ५३५ : नोंद तिसरी

पुढच्या चाकाचे निपल, म्हणजे स्पोक रिमशी आवळून धरणारे छोटे नट, अखेर सुटले. पाच तुटले, पण रिम वाचली. गेले तीन आठवडे मी या एकाच चाकापाशी अडकून होतो.

पहिल्यांदाच वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. गाडी रॉयल एनफिल्ड कॉन्टिनेन्टल जीटी ५३५, २०१४ सालची, लाल. आचऱ्याजवळच्या एका वाडीत, मांगरात म्हणजे घराबाहेरच्या सामानाच्या खोपीत, नारळाच्या सोडणांच्या ढिगाआड उभी होती. काकांचा मुलगा बोटीवर नोकरीला लागला आणि २०१९ नंतर तिला कुणी हात लावला नाही. समुद्र तिथून हाकेच्या अंतरावर. मीटरवर ११,४०० किलोमीटर. व्यवहार ठरल्यावर काकांनी एकच अट घातली, "घेवन जा, पण चालू झाली काय माका दाखवूक हाड." म्हणजे दाखवायला आण. टेम्पोत घालून ती कणकवलीला माझ्या पडवीत आणली.

आता चाक. या गाडीला एक्सेलच्या ॲल्युमिनियम रिम आहेत, आणि त्यात बसलेले निपल वेगळ्या धातूचे. दोन धातू चिकटून आणि मध्ये खारा ओलावा, म्हणजे एक बारीक बॅटरीच तयार होते, आणि तिच्यात खर्ची पडतं ते ॲल्युमिनियम. निपलच्या भोकाशी पांढरी भुकटी दिसली की समजायचं, आतून जाम झालंय. घाई केली तर निपलचे कोपरे गोल होतात, नाहीतर स्पोक पिळवटतो. मी रोज संध्याकाळी प्रत्येक निपलच्या मुळाशी गंज सोडवणारं तेल सोडायचो, सकाळी हॉट एअर गनने रिमची तेवढीच जागा गरम करायचो आणि पाना आधी केसभर आवळायच्या बाजूला, मग सोडायच्या बाजूला. समोरासमोरचे स्पोक घ्यायचे, पाव फेऱ्याहून जास्त नाही. एका बाजूचे सगळे आधी मोकळे केले तर ताण एकीकडे जातो आणि रिम वाकते. ही रिम वाकली असती तर तशी दुसरी मिळवणं माझ्या आवाक्यातलं नव्हतं.

नवे स्टेनलेस स्पोक करायला फोंडा घाट चढून, दाजीपूर-राधानगरीमार्गे कोल्हापूरला गेलो. उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी जुना स्पोक मापाला घेतला, हबकडे बघितलं आणि म्हणाले, "दादा, ही गाडी तवा कोण घेत नव्हतं. मागं कुणाला बसवायचं म्हटलं तर जागा कुठाय?"

परतीच्या घाटात तेच डोक्यात घोळत राहिलं, कारण या गाडीची सगळी गोष्ट त्या प्रश्नात आहे.

जीटी २०१३ मध्ये आली. साठच्या दशकात एनफिल्डच्या इंग्लंडमधल्या रेडिच कारखान्यात बनलेल्या २५० सीसी कॉन्टिनेन्टल जीटीचं नाव आणि तिचीच बसण्याची ढब: हँडल खाली, पाय मागे, सीट एकट्यापुरती. फ्रेम इंग्लंडच्या हॅरिस परफॉर्मन्सने आखलेली डबल क्रेडल, म्हणजे इंजिनाला खालून दोन नळ्यांनी कवेत घेणारी. ही कंपनी पुढे २०१५ मध्ये एनफिल्डनेच विकत घेतली. ब्रेम्बोचे ब्रेक, मागे पायोलीचे पिवळ्या स्प्रिंगचे गॅस शॉक, पिरेलीचे टायर. त्या काळात एनफिल्डच्या गाडीला एवढं साहित्य कुणी पाहिलं नव्हतं. इंजिन मात्र ओळखीचंच, एका सिलिंडरचं, ८७ मिलिमीटर बोअर आणि ९० मिलिमीटर स्ट्रोक. ताकद २९ बीएचपी. दिल्लीत रस्त्यावर यायला दोन लाख पाच हजार. त्याच वर्षी केटीएम ड्यूक ३९० तेवढ्याच पैशांच्या आसपास ४३ बीएचपी घेऊन आली. वेग हवा तो तिकडे गेला. घरातल्या माणसाला मागे बसवून बाजारहाट करायचा तो क्लासिक ३५० कडे वळला, तीही बरीच स्वस्त. मधे उरले ते थोडेच. २०१८ मध्ये ६५० सीसीची ट्विन, म्हणजे दोन सिलिंडरची, आली, जीटी हे नाव तिने घेतलं आणि सिंगल बंद झाली.

होंडाचंही असंच झालं होतं. १९८५ मध्ये त्यांनी जपानात जीबी ४०० आणि ५०० काढल्या, जुन्या ब्रिटिश सिंगलच्या वळणावर. १९८९ मध्ये जीबी ५०० अमेरिकेत नेली, तर तिथे दोनच वर्षं टिकली. आज तिचे शौकीन चांगली गाडी दिसली की सोडत नाहीत. आपल्याकडे राजदूत ३५० चं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. ती ट्विन, टू-स्ट्रोक, पण पेट्रोल पिते म्हणून लोकांनी नाकारली आणि आता तिच्या साध्या बॅजसाठी धावाधाव असते.

माझं मत असं की जीटी ज्या कारणांनी खपली नाही, त्याच कारणांनी ती जपण्यासारखी आहे. ती सगळ्यांना खूश करायला बनवलेली नव्हती. आणि ज्यांनी घेतली, त्यांतल्या पुष्कळांनी आपापल्या आवडीने बदलली: सायलेन्सर काढला, हँडल उंच केलं, रंग फिरवला. म्हणून आज नुसती जीटी मिळणं कठीण नाही, जशी आली तशी उरलेली मिळणं कठीण आहे. माझ्या गाडीचाही मूळ सायलेन्सर गेलेला. तिथे लहानसं बाजारू नळकांडं बसवलेलं होतं. ही बोच पहिल्या दिवसापासून होती.

टाकीचं सविस्तर लिहितो, कारण किनाऱ्यावर उभ्या राहिलेल्या प्रत्येक गाडीला हे भोवतं. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतला ओलावा ओढतं, आणि आपल्या हवेत ओलाव्याला तोटा नाही. १३.५ लिटरची टाकी आतून विटकरी झाली होती. पंप काढून त्या जागी रबर लावलेली पट्टी बोल्टने घट्ट बसवली. दहा लिटर पाण्याला अर्धा किलो या मापाने लिंबूसत्व घालून टाकी काठोकाठ भरली आणि दोन दिवस ठेवली. रंगावर थेंब सांडू देऊ नका. नंतर खायच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन लगेच गरम हवेने सुकवायची आणि आतून तेलाचा हात फिरवायचा. धुऊन तासभर जरी ओली ठेवली तरी तांबूस साय धरते.

इंजिनात प्लगच्या भोकातून थोडं तेल सोडून दोन दिवस थांबलो, मग टॉप गिअर टाकून मागचं चाक हाताने फिरवलं. पिस्टन मोकळा होता. नवीन १५डब्ल्यू-५० तेल, फिल्टर, साफ केलेला इंजेक्टर. बॅटरीही नवीच घेतली, कारण फ्युएल इंजेक्शनच्या गाडीला किक असली तरी पंपाला करंट लागतो. मेलेल्या बॅटरीवर किक मारून पाय दुखतो, एवढंच.

इथवर लिहून ठेवलं त्याला दोन रविवार झाले. मधल्या काळात चाक बांधून झालं, निपलना अँटी-सीझ ग्रीस लावून, आणि गाडी तिसऱ्या किकला सुरू झाली. वर टकटक होती. व्हॉल्व्ह हलवणाऱ्या हायड्रॉलिक टॅपेटमध्ये तेल भरेपर्यंत ती राहणार हे माहीत असूनही जीव खालीवर होत होता. चार मिनिटांनी आवाज बसला आणि तो संथ, जड ठोका सुरू झाला. आई स्वयंपाकघरातून उठून पडवीत आली आणि काही न बोलता ऐकत उभी राहिली.

काल आचऱ्याला गेलो. मोकळ्या रस्त्यावर साठ-सत्तरच्या वेगात ही गाडी जशी चालते, तशी मी चालवलेली दुसरी कुठली नाही. वळणात फ्रेम रुळावर बसल्यासारखी आणि थ्रॉटल उघडला की खालून ओढ. थ्रॉटल सोडला की मात्र त्या नळकांड्यातून फटाके.

काका खळ्यात सुपारी सोलत होते. गाडीभोवती एक फेरी मारली, टाकीवर हात ठेवला, मग सायलेन्सरकडे बघून म्हणाले, "ह्यो तिचो न्हय." मांगरात गेले आणि पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आले. मूळ सायलेन्सर. मुलाने काढला तेव्हा त्यांनी माळ्यावर टाकून ठेवला होता, आणि मी विचारलंच नव्हतं.

खालच्या शिवणीला बोटभर लांब गंजून भोक पडलंय, बाकी अंग धड आहे. आतल्या जाळीचं काय झालंय ते अजून कळलेलं नाही. टाका मारण्याआधी आतून धुऊन, टॉर्च लावून बघणार आहे. क्लॅम्प आणि रबरी बुश मात्र नाहीत. पुढच्या आठवड्यात पुन्हा उद्यमनगर.