पाच फूट नऊ आणि तीन अष्टमांश

उंची मोजायच्या रांगेत बूट काढून उभं राहावं लागतं. जून २०२२, टेक्सासमधल्या एका मोठ्या विद्यापीठाच्या मैदानावर शाळेतल्या पोरांसाठी भरलेला अमेरिकन फुटबॉलचा कॅम्प, सकाळचे साडेनऊ आणि खालचं कृत्रिम गवत तापायला लागलेलं. माझा लेक भिंतीला टाचा लावून उभा राहिला, मान ताणली, श्वास आत ओढला. पट्टी धरणाऱ्या पोराने ती त्याच्या केसांवर दाबली आणि मागे वळूनही न बघता ओरडला, "फाइव्ह झिरो नाइन थ्री." टेबलापाशी बसलेल्याने लिहून घेतलं, ५०९३. म्हणजे पाच फूट, नऊ इंच आणि वर एका इंचाचे तीन अष्टमांश. कॉलेजांच्या कोचना दाखवायच्या आमच्या व्हिडिओखाली आम्ही पाच फूट अकरा लिहिलं होतं. कुंपणाबाहेर उभ्या असलेल्या मला त्याची फक्त पाठ दिसत होती, पण त्याने बूट घालायला जरा जास्तच वेळ घेतला.

मी मूळचा इस्लामपूरचा. कॉलेजात असताना मंडळाकडून कबड्डी खेळायचो, डावा कोपरारक्षक. आमचे सर सांगायचे, चढाई करणाऱ्याच्या डोळ्यांत बघू नकोस, डोळे खोटं बोलतात, कमरेत बघ. पंचवीस वर्षांनी डॅलसच्या उत्तरेला एका शाळेच्या मैदानावर, काळा चष्मा घातलेला एक कोच माझ्या सातवीतल्या पोराला अगदी हेच सांगताना ऐकलं तेव्हा मी गाडीत जाऊन बसायचं सोडून तिथेच उभा राहिलो. त्या दिवसापर्यंत अमेरिकन फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून केलेली मारामारी असं माझं मत होतं. आईचं अजूनही तेच आहे. व्हिडिओ कॉलवर तिचा पहिला प्रश्न, "हातपाय शाबूत आहेत ना पोराचे?"

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कॉर्नरबॅक म्हणजे बचावाच्या अगदी कडेला एकटा उभा असलेला खेळाडू. त्याच्या समोर रिसीव्हर, म्हणजे समोरच्या संघाचा चेंडू झेलणारा गडी. रिसीव्हरला ठाऊक असतं आपण कुठे पळणार, किती पावलांवर वळणार, चेंडू कधी येणार. कॉर्नरला यातलं काहीही ठाऊक नसतं, आणि वर त्याला सुरुवातीला उलटं पळायचं असतं. उलटं पळता पळता कंबर फिरवून सुलटं व्हायचं, तेही वेग न मोडता. यात अर्धं पाऊल चुकलं की पन्नास यार्ड मोकळं रान. कबड्डीत माझ्या हातून गडी सुटला तरी शेजारी साखळीतला दुसरा असायचा. कॉर्नर चुकतो तेव्हा चुकलेला नेमका कोण, हे शेवटच्या रांगेतल्या आजीबाईंनाही दिसतं.

टेक्सासमध्ये शाळेचा फुटबॉल म्हणजे काय, हे सांगून पटत नाही. आमच्यापासून अर्ध्या तासावर ॲलन गावात शाळेचं स्टेडियम आहे. २०१२ साली उघडलं, अठरा हजार आसनं, खर्च सहा कोटी डॉलर. शाळेचं! फ्रिस्कोच्या शाळा काही सामने चक्क डॅलस काउबॉइज या व्यावसायिक संघाच्या सरावाच्या बंदिस्त मैदानात खेळतात. अशा ठिकाणी वाढलेल्या पोराला "हे काय चाललंय" असं विचारण्यात अर्थ नसतो. त्याने नववीत सांगितलं, "बाबा, मला कॉलेजात खेळायचंय, आणि पुढे जमलं तर एनएफएल." एनएफएल म्हणजे व्यावसायिक फुटबॉलची सगळ्यात वरची लीग. मी अभियंता माणूस. कागद घेतला. बत्तीस संघ, संघात पाच-सहा कॉर्नर, म्हणजे सगळ्या देशात दोनशेसुद्धा जागा नाहीत. शाळेत फुटबॉल खेळणारी मुलं दहा लाख. त्याने कागद बघितला आणि विचारलं, "मग आज जिमला सोडणार ना?"

मग मीही वाट समजून घेतली. बारावी झाल्यावर किमान तीन वर्षं गेल्याशिवाय एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये उतरता येत नाही, त्यामुळे कॉलेज जवळपास सक्तीचंच. ड्राफ्ट म्हणजे संघांनी पाळीपाळीने नवी मुलं निवडायची: सात फेऱ्या, अडीचशेच्या वर मुलं. त्याआधी इंडियानापोलिसला कंबाइन, म्हणजे वधूपरीक्षाच: उंची, वजन, हाताची लांबी, पंजाची रुंदी, चाळीस यार्डांची धाव. निवड झाली तरी उन्हाळ्यात संघात नव्वद जण असतात, मोसमाला त्रेपन्न उरतात. उरलेल्यांतल्या काहींना सरावापुरतं ठेवून घेतात, बाकीचे घरी.

बरं, धावेवर तरी सगळं ठरतं म्हणावं, तर तसंही नाही. २०२२ च्या कंबाइनमध्ये बेलर विद्यापीठाचा केलन बार्न्स, आमच्या टेक्सासचाच पोरगा, ४.२३ सेकंदांत चाळीस यार्ड पळाला. कॉर्नर इतका वेगात पळालेला कोणी पाहिला नव्हता. त्याला सातव्या फेरीत कॅरोलायना पँथर्सने घेतलं आणि मोसम सुरू व्हायच्या आत सोडून दिलं. उलट रिचर्ड शर्मन स्टॅनफर्डला आधी रिसीव्हर होता, नंतर कॉर्नर झाला, २०११ मध्ये थेट पाचव्या फेरीत १५४ वा निवडला गेला आणि सिअ‍ॅटलच्या बचावाचा चेहरा झाला. माल्कम बटलरला तर कोणी निवडलंच नव्हतं. मध्ये तळलेल्या चिकनच्या दुकानात कामाला होता. २०१५ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे एनएफएलच्या अंतिम सामन्यात, शेवटच्या अर्ध्या मिनिटात गोल लाइनवर त्याने समोरच्यांनी फेकलेला चेंडू मध्येच झेलला आणि न्यू इंग्लंड जिंकलं. तीन वर्षांनी त्याच संघाने त्याला सुपर बोलमध्ये बचावाला एकदाही उतरवलं नाही. का, ते कोणीच नीट सांगितलं नाही. हे न सांगणं या धंद्यात वरपासून खालपर्यंत आहे, हे मला पुढे कळणार होतं.

दहावीच्या हिवाळ्यात आम्ही कामाला लागलो. हडल या खेळाडूंच्या व्हिडिओंच्या साइटवर व्हिडिओ चढवला. पहिल्या वीस सेकंदांत सगळ्यात चांगलं काय ते टाकायचं, कारण त्यापुढे कोणी बघत नाही. कॉलेजांचे खेळ चालवणाऱ्या एनसीएए या संस्थेच्या पात्रता केंद्रात नाव नोंदवलं. सोळा मुख्य विषय आणि पहिल्या डिव्हिजनसाठी, म्हणजे कॉलेजांच्या सगळ्यात वरच्या गटासाठी, चारपैकी २.३ सरासरी हवी, हे वाचून बायको हसली. मराठी घरात २.३ आणलं तर फुटबॉल राहू दे, जेवायला मिळणार नाही. मग ईमेल. चौऱ्याहत्तर कॉलेजांना. प्रत्येक ईमेल वेगळं, कोचचं नाव नीट, त्यांच्या बचावाची पद्धत कोणती याचा एका ओळीत उल्लेख. अकरा उत्तरं आली. त्यातली नऊ कॅम्पची आमंत्रणं होती, खाली पैसे भरायची लिंक. सुरुवातीला आम्ही आनंदाने नाचलो. मग शेजारच्या पोरालाही तेच पत्र आलं, आणि तो किकर होता, म्हणजे चेंडूला नुसती लाथ मारणारा.

मध्ये एक शहाणपणाचा खर्चही झाला. मुलांना "कॉलेजांपर्यंत पोहोचवतो" म्हणणारे सल्लागार असतात. एकाला अठराशे डॉलर मोजले. त्याने पाठवलेल्या ईमेलची प्रत तीन महिन्यांनी मागितली, तर त्यात लेकाची जागा रिसीव्हर म्हणून लिहिलेली. सांगितल्यावर म्हणाला, "बहुआयामी दिसतो त्याने." त्यानंतर ईमेल पुन्हा मीच लिहायला लागलो.

अकरावीच्या वर्षी एका मध्यम विद्यापीठाच्या सहायक कोचने लेकाला मेसेज करायला सुरुवात केली. दर आठवड्याला. तुझी कंबर छान फिरते, तुझं टॅकलिंग आवडलं, घरचे कसे आहेत. जूनच्या त्या कॅम्पनंतरही मेसेज येत राहिले, म्हणून आम्हाला वाटलं तीन अष्टमांशांचं फारसं काही नाही. पोरगा फोन उशाशी घेऊन झोपायचा. बारावीचा मोसम सुरू झाला, सप्टेंबर गेला, ऑक्टोबर गेला. नोव्हेंबरमध्ये मेसेज थांबले. भांडण नाही, नकार नाही, काही नाही. लेकाने दोनदा लिहिलं. दोन्ही वेळा खाली "वाचलं" एवढंच दिसलं.

कारण नंतर समजलं. कोविडमुळे २०२० च्या मोसमानंतर कॉलेजच्या सगळ्या खेळाडूंना एक वर्ष वाढवून मिळालं होतं. २०२१ पासून वर्ष वाया न घालवता कॉलेज बदलायची मुभाही आली. म्हणजे जागा आधीच अडलेल्या, आणि रिकाम्या झालेल्या जागांवर शाळेतलं पोर घेण्याऐवजी दाढी-मिशा आलेला, तीन वर्षं खेळलेला गडी आयता मिळायला लागला. त्या विद्यापीठाने डिसेंबरमध्ये तेवीस वर्षांचा कॉर्नर घेतला, सहा फूट एक इंच. कोच असतो तर मीही तेच केलं असतं. पण एक ओळ लिहायला काय जात होतं, हे मला अजून कळलेलं नाही. आमच्याकडे स्थळ नाकारतानाही "पत्रिका जुळत नाही" एवढं तरी कळवतात.

त्या मोसमातला एक दिवस मात्र सांगायलाच हवा. ९ सप्टेंबर २०२२. शुक्रवार, आणि नेमकी अनंत चतुर्दशी. आमच्या घरी गणपती दहा दिवस असतो. दुपारी तीनला शाळेतून पळत आलेल्या लेकाने घाईघाईत आरती म्हटली, परसात निळ्या बादलीत विसर्जन केलं, हाताला लागलेला गुलाल पुसत पुसत संघाची बस गाठली. सात वाजता सामना. दुसऱ्याच चालीवर समोरच्या रिसीव्हरने आत वळल्यासारखं केलं, हा आत झेपावला, आणि तो गडी सरळ पुढे. सेहेचाळीस यार्ड पळून थेट आमच्या गोल लाइनपलीकडे, टचडाउन. दुसऱ्या सत्रात कोपऱ्यात उंच टाकलेला चेंडू. रिसीव्हर सहा-तीन, याची उडी नेमकी वेळेवर होती, पण हात चेंडूखाली राहिला. परत टचडाउन. मागून एक जण ओरडला, "त्या बावीस नंबरला बाहेर काढा रे कोणीतरी!" मी मागे वळलो नाही. बायको वळली. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही, पण त्या माणसाने उरलेला सामना तोंड उघडलं नाही.

मी बघत होतो ते वेगळंच. दुसऱ्या टचडाउननंतर लेक सीमारेषेपाशी आला, कोचने त्याच्या हेल्मेटवर दोन बोटांनी टकटक केलं, आणि हा पाणी प्यायला. बस. मी त्याच्या वयात एक पकड सुटली तर रात्रभर छताकडे बघत पडायचो. चौथ्या सत्रात तोच सहा-तीन वाला परत तसाच आत वळला, हा अर्धं पाऊल थांबला, कमरेकडे बघत राहिला, आणि चेंडू येताच मध्ये हात घातला. चेंडू जमिनीवर. सामना आम्ही तरीही हरलो. घरी येताना गाडीत त्याच्या अंगठ्याच्या नखात गुलाल अडकलेला दिसला, तो खरवडत म्हणाला, "भूक लागलीय."

त्या काळात मी त्याला डिक लेनची गोष्ट सांगायचो. 'नाइट ट्रेन' म्हणायचे त्याला. लष्करातून आलेला, विमानाच्या कारखान्यात काम करणारा माणूस, कात्रणांची वही घेऊन लॉस एंजेलिस रॅम्सच्या कार्यालयात शिरला आणि संधी मागितली. १९५२ च्या त्या पहिल्याच मोसमात, बारा सामन्यांत, त्याने चौदा इंटरसेप्शन घेतल्या, म्हणजे समोरच्यांचे चौदा चेंडू मध्येच झेलले. तो विक्रम अजून कोणी मोडलेला नाही. तिसऱ्यांदा सांगायला लागलो तेव्हा लेक म्हणाला, "बाबा, आता कार्यालयात शिरलो तर सिक्युरिटी पकडेल."

जानेवारीत ओहायोतल्या एका छोट्या कॉलेजचा कोच घरी आला. तिसरी डिव्हिजन. तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती देताच येत नाही, गुणांवर किंवा गरजेवर जी मिळेल तीच. बायकोने पोहे केले होते, त्याने दोनदा घेतले. मग लॅपटॉप उघडून त्याने लेकाचा सामना लावला. आमचा गाजवलेला व्हिडिओ नव्हे, सेहेचाळीस यार्डांचं टचडाउन. "इथे तू आधाशीपणा केलास," तो म्हणाला. पुढे नेलं. "इथे तू शिकलास." मग लॅपटॉप मिटून सरळ सांगितलं: "कडेचा कॉर्नर म्हणून मी तुला खेळवणार नाही. त्या जागेला तू बुटका आहेस. निकेलला खेळवेन, आतल्या बाजूला, जिथे उंचीपेक्षा पाय लागतात. पहिलं वर्ष किकच्या तुकडीत काढावं लागेल. आणि इथून एनएफएलला कोणी जातं का म्हणशील, तर माझ्या हाताखालून अजून एकही नाही."

दोन वर्षांत आमच्या तोंडावर कोणी "नाही" म्हटलेलं ते पहिलंच. लेक खुर्चीत मागे रेलला. कित्येक महिन्यांनी त्याचे खांदे खाली आलेले मी पाहिले. रात्री जेवताना तो म्हणाला, "याने माझा खराब खेळ बघितलाय, बाबा. बाकीच्यांनी चांगलासुद्धा पूर्ण बघितला नव्हता."

शाळेच्या जिममध्ये सह्यांचा कार्यक्रम झाला. टेबलावर टोप्या, फुगे, फोटोवाले. शिष्यवृत्ती मिळालेल्या मुलांच्या सह्यांना करार म्हणून किंमत होती. तिसऱ्या डिव्हिजनवाल्यांना नुसता समारंभापुरता कागद मिळतो, कशालाच बांधील नसलेला. लेकाने तोही दोनदा वाचून सही केली. कॉलेजने पैसे दिले ते त्याच्या गणिताच्या गुणांवर, हे आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग एवढी वर्षं पळवलं कशाला त्याला?"

पहिलं वर्ष खरोखर किकच्या तुकडीत गेलं. दुसऱ्या वर्षी तो निकेलला उतरला, पाचव्या सामन्यापासून. मी दोन तास विमानाने आणि दीड तास गाडीने जाऊन बघतो. स्टेडियमला कुंपणही धड नाही, पलीकडे मक्याचं शेत. दर शनिवारी कोणीतरी त्याला चकवतो, आणि दर वेळी तो पाणी पिऊन परत जातो.

कॉलेजच्या संघाच्या यादीत त्याच्या नावापुढे उंची छापली आहे पाच फूट अकरा. चूक झालीय असं आम्ही दोघांनीही अजून कळवलेलं नाही.