शाळा सरकारची, पण सही कुणाची?

शिक्षक कमी पडला की गावकरी शाळेला टाळं ठोकतात. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात शाहूवाडी असो की चंदगड, जून-जुलैत हे काही नवं नाही. मग गटशिक्षणाधिकारी येतात, शेजारच्या शाळेतला एखादा शिक्षक 'कामगिरीवर', म्हणजे तात्पुरता, पाठवतात आणि टाळं निघतं. पद मात्र वाढलेलं नसतं. शेजारच्या गावाचा शिक्षक गेला, म्हणजे पुढचं टाळं तिथं.

टाळं ठोकून पद मिळत नाही, कारण पद द्यायचा अधिकार गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे नसतोच. आपल्याकडं सरकारी शाळा एकाच हाताने चालत नाही. जिल्हा परिषदेच्या विद्या मंदिराची इमारत आणि शिक्षकाची नेमणूक जिल्हा परिषदेकडे. शिक्षकाचा पगार राज्याच्या तिजोरीतून. किती शिक्षक द्यायचे, त्याचे निकष मंत्रालयात. अभ्यासक्रम पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेत, पुस्तकं बालभारतीची. शाळा अनुदानात साठ टक्के केंद्राचे, चाळीस राज्याचे. शहरात आलात की जिल्हा परिषद बाजूला होते आणि महापालिकेची प्राथमिक शिक्षण समिती येते. प्रवेशासाठी रांगा लागणारी कोल्हापुरातली जरगनगरची शाळा तिचीच. म्हणून निवेदन लिहिण्याआधी आपण मागतोय ते कुणाच्या हातात आहे, एवढं बघितलं तरी निम्मे हेलपाटे वाचतात.

मुळात शाळा कुठं काढायची? शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. राज्याच्या २०११ च्या नियमांनुसार पहिली ते पाचवीची शाळा वस्तीपासून १ किलोमीटरच्या आत हवी आणि सहावी ते आठवीची ३ किलोमीटरच्या आत, पण परिसरात किमान २० मुलं असली तर. हा २० चा आकडा आपल्या डोंगराळ तालुक्यांना नडतो. राधानगरी, भुदरगड, गगनबावड्याच्या धनगरवाड्यांवर अंतराची अट पूर्ण होते, पटाची होत नाही.

सक्तीचं शिक्षण ही कोल्हापूरला नवी गोष्ट नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये संस्थानात मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड होता. आजचा कायदाही पालकाचं कर्तव्य सांगतो, पण त्याला दंड करत नाही. शाळा, शिक्षक आणि वर्गखोली देण्याची सक्ती आता सरकारवर आणि स्थानिक प्राधिकरणावर आहे. ही बाजू पालटलेली आहे, हे पालकांच्या शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत फारसं कुणाच्या ध्यानात नसतं. नाहीतर शाळेच्या मागण्या इतक्या विनवणीच्या सुरात लिहिल्या गेल्या नसत्या.

आता पद. पटावरून शाळेला किती शिक्षकांची पदं मंजूर हे ठरतं, त्याचं नाव संच मान्यता. कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत २ शिक्षक, ६१ ते ९० ला ३, ९१ ते १२० ला ४ आणि १२१ ते २०० ला ५. पट १५० च्या वर गेला की मुख्याध्यापक वेगळा. सहावी ते आठवीला दर ३५ मुलांमागे एक शिक्षक, वर्गाला किमान एक, आणि विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रं व भाषा हे तिन्ही गट भरले पाहिजेत. हा पाया झाला. प्रत्यक्ष पद मंजूर होताना राज्याचा त्या वेळी लागू असलेला शासन निर्णय चालतो. १५ मार्च २०२४ च्या निर्णयाने हे निकष बदलले आणि छोट्या पटाच्या शाळांच्या पोटात गोळा आला तो तेव्हापासून. शाळेत कायद्याचं परिशिष्ट दाखवून भांडणाऱ्यांनी हा निर्णयही सोबत ठेवावा, कारण समोरचा अधिकारी तोच उघडणार आहे.

हिशोब धरला जातो ३० सप्टेंबरच्या पटाचा, आणि तो वर्गात बसलेल्या मुलांचा नसतो, सरकारच्या पोर्टलवर आधार जुळलेल्या मुलांचा असतो. गळती इथंच होते. जनरल रजिस्टरला नाव एका पद्धतीनं लिहिलेलं, आधारवर दुसऱ्या. आडनाव पुढं-मागं. जन्मतारखेच्या जागी नुसतं वर्ष. लहानपणी काढलेल्या आधारचे बोटांचे ठसे अद्ययावत केलेले नाहीत. अशी दोन-तीन मुलं नेमक्या सीमेवरच्या शाळेत निघाली की आख्खं पद जातं आणि शिक्षक 'अतिरिक्त' ठरून समायोजनाच्या, म्हणजे दुसऱ्या शाळेत पाठवायच्या, यादीत जातो. उपाय साधा आहे. जुलैतच मुख्याध्यापकांकडून न जुळलेल्या मुलांची यादी मागायची, आधार चुकलं असेल तर पालकाला आधार केंद्रावर धाडायचं, आणि रजिस्टर चुकलं असेल तर दुरुस्तीचा प्रस्ताव गटशिक्षणाधिकाऱ्यांकडं पाठवायचा. रजिस्टरची दुरुस्ती मुख्याध्यापक परस्पर करू शकत नाहीत, म्हणून ऑगस्ट उजाडायच्या आत कागद हलला पाहिजे. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आधार केंद्रावर गर्दी असते आणि पोर्टलही रडत असतं.

यात आपल्या जिल्ह्याची एक खास अडचण आहे. गळीत हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होतो. ऊसतोड मजुरांची मुलं आपल्या शाळांत येतात तेव्हा ३० सप्टेंबर उलटून गेलेला असतो. ती मुलं मोजली जातात मराठवाड्यातल्या त्यांच्या गावी आणि बसतात करवीर, शिरोळ, कागलच्या शाळेत, तीही बसली तर. पटाचा हिशोब वर्षातून एकाच तारखेला धरणाऱ्या पद्धतीत या मुलांसाठी जागाच नाही. निकष लिहिणाऱ्यांना उसाचा हंगाम माहीत नाही असं म्हणवत नाही. माहीत असून लिहिलाय.

पद मंजूर झालं तरी माणूस लगेच मिळत नाही. उमेदवाराला शिक्षक पात्रता परीक्षा आणि वर अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी द्यावी लागते, भरती पवित्र पोर्टलवरून होते. त्याआधी जिल्हा परिषदेला बिंदुनामावली, म्हणजे कुठलं पद कुठल्या आरक्षणाचं याची यादी, विभागीय आयुक्तांच्या मागासवर्ग कक्षाकडून, म्हणजे आपल्यासाठी पुण्याहून, तपासून आणावी लागते. ती अडकली तर मंजूर पद जाहिरातीत येतच नाही. नेमणूक झालेला उमेदवार पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक असतो. प्राथमिकला मानधन १६,००० रुपये.

पैशाचं बघू. समग्र शिक्षा या केंद्र-राज्याच्या योजनेतून मिळणारं संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं. ३० मुलांपर्यंत १०,००० रुपये, १०० पर्यंत २५,०००, २५० पर्यंत ५०,०००, १,००० पर्यंत ७५,००० आणि त्यापुढं एक लाख. यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर घालायचे असतात. वीजबिल, खडू, किरकोळ दुरुस्ती, सगळं यातच. खर्चाचा ठराव शाळा व्यवस्थापन समिती करते. खात्यात शिल्लक राहत नाही, खर्चाची मर्यादा येते आणि ३१ मार्चला संपते. मर्यादा उशिरा आली की मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मिळेल ते खरेदी होतं. शाळेच्या कपाटात न उघडलेले खेळाचे संच दिसले तर त्याचं कारण हे. समितीनं डिसेंबरातच गरजेच्या वस्तूंचा ठराव आणि दरपत्रकं तयार ठेवली तर हे टळतं.

या समितीत १२ ते १६ सदस्य असतात. तीन चतुर्थांश पालक, निम्म्या महिला, अध्यक्ष पालकांतून आणि सदस्य सचिव मुख्याध्यापक. बैठक महिन्यातून किमान एकदा, समितीची मुदत दोन वर्षं. शाळा विकास आराखडा करणं हे तिचं सगळ्यात वजनदार काम, कारण कायद्यानं अनुदानाच्या नियोजनाचा आधार तोच आहे. पण आराखडे बहुधा एकमेकांवरून उतरवलेले असतात. ज्या शाळेत वर्गखोली गळते तिच्या आराखड्यात 'भौतिक सुविधा समाधानकारक' असं छापलेलं असेल, तर पुढं निधी मागायला तोंड राहत नाही. आणखी एक, खासगी अनुदानित शाळेतही ही समिती असते, पण २०१२ च्या दुरुस्तीनंतर तिथं ती फक्त सल्ला देते. तिथं जाऊन खर्चाचा हिशोब अधिकारानं मागता येत नाही.

खोली पडायला आली असेल तर नवी मंजूर होण्याआधी जुनीचं निर्लेखन व्हावं लागतं, म्हणजे ती वापराबाहेर म्हणून कागदावरून काढावी लागते. उपअभियंत्याचा अहवाल, गटशिक्षणाधिकाऱ्यांचा प्रस्ताव, जिल्हा परिषदेची मान्यता. मग नव्या खोलीचं अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश. निधी बहुतेक वेळा जिल्हा नियोजन समितीकडून येतो. यात घोडं हमखास पेंड खातं ते सातबाऱ्यावर. गावच्या एखाद्या भल्या माणसानं तोंडी दिलेल्या जागेवर शाळा पन्नास वर्षं उभी असते, बक्षीसपत्र झालेलं नसतं, आणि वारसांची तिसरी पिढी हरकत घेते. शाळेच्या जागेचा उतारा कुणाच्या नावावर आहे, हे निधी यायच्या आधी बघून ठेवावं.

माध्यमिकला चित्र निराळं. तिथं शाळा संस्थेची, नेमणूक संस्थेची, पगार सरकारचा. त्यामुळं नेमणुकीला शिक्षणाधिकारी (माध्यमिक) यांची वैयक्तिक मान्यता आणि त्यापुढं उपसंचालक स्तरावरून शालार्थ या पगाराच्या प्रणालीतला क्रमांक लागतो. हे दोन्ही नसतील तर नेमणूक पत्राला पगाराच्या दृष्टीनं कागदाचीच किंमत. सेवाशर्ती १९७७ च्या कायद्याखाली. २०१२ च्या कायद्याखालच्या स्वयंअर्थसहाय्यित शाळांना अनुदान मिळत नाही, त्यांच्याबद्दल इथं जास्त सांगण्यासारखं नाही.

विद्यापीठाचा पायाच वेगळा आहे. शाळा शासन निर्णयानं निघते, राज्य विद्यापीठ विधिमंडळाच्या कायद्यानं. राज्यघटनेत विद्यापीठ स्थापण्याचा विषय राज्यसूचीत, नोंद ३२. उच्च शिक्षणाचा दर्जा ठरवणं संघसूचीत, नोंद ६६. बाकीचं शिक्षण १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीपासून समवर्ती सूचीत. राज्य आणि विद्यापीठ अनुदान आयोग यांच्यात कुलगुरू निवडीपासून प्राध्यापकांच्या पात्रतेपर्यंत जी ओढाताण चालते, तिचं मूळ या नोंदींत आहे.

शिवाजी विद्यापीठ १९६२ चं. १८ नोव्हेंबरला राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते उद्घाटन झालं, सागरमाळाच्या ८५३ एकरांवर ते उभं राहिलं. आधी कार्यक्षेत्र सोलापूर आणि कोकणापर्यंत होतं. आज कोल्हापूर, सांगली आणि सातारा. सोलापूरला २००४ मध्ये स्वतंत्र विद्यापीठ झालं, आणि २०२१ मध्ये साताऱ्यातल्या रयत शिक्षण संस्थेच्या तीन महाविद्यालयांचं समूह विद्यापीठ झालं. मंजूर पदांचे पगार राज्य देतं, बाकी गाडा परीक्षा शुल्क आणि संलग्नता शुल्कावर चालतो. महाविद्यालय वेगळं झालं किंवा स्वायत्त होऊन स्वतःच्या परीक्षा घेऊ लागलं की हे उत्पन्न घटतं, कार्यालयं आणि इमारती तेवढ्याच राहतात. कार्यक्षेत्राच्या वादात अस्मितेच्या मागं हा हिशोब असतो.

कारभार २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे कायद्यावर चालतो, १ मार्च २०१७ पासून. कुलपती म्हणजे राज्यपाल. शोध समिती नावं सुचवते, निवड कुलपती करतात, मुदत पाच वर्षं किंवा वयाची ६५ पूर्ण होईपर्यंत. अधिसभा (सिनेट) अंदाजपत्रकावर चर्चा करते, पण रोजच्या निर्णयाची ताकद व्यवस्थापन परिषदेत आहे. अभ्यासक्रम बदलायचा तर अभ्यास मंडळ, विद्याशाखा, विद्या परिषद हा क्रम. अभ्यासक्रमाविषयीचं निवेदन थेट कुलगुरूंना देऊन फोटो छान येतो, पण ते शेवटी अभ्यास मंडळाच्या अध्यक्षांकडेच जातं, तर आधीच तिथं द्यावं. अधिसभेत नोंदणीकृत पदवीधरांतून १० जण निवडून जातात. नुसती पदवी असून मत देता येत नाही, मुदतीत अर्ज भरून नाव मतदार यादीत यावं लागतं. हजारो पदवीधर इथंच बाहेर राहतात.

नवं महाविद्यालय काढायचं तर गावाचं नाव आधी विद्यापीठाच्या पाच वर्षांच्या बृहत आराखड्यात हवं. ते नसेल तर पुढचं सगळं व्यर्थ. मग विद्यापीठाकडे अर्ज, छाननी, शासनाचं इरादापत्र, त्यातल्या अटींची पूर्तता, शासनाची अंतिम मान्यता, आणि सगळ्यात शेवटी विद्यापीठाची समिती बघून संलग्नीकरण. इरादापत्र मिळालं की संस्था फलक लावून प्रवेश सुरू करतात. ते फक्त 'तयारी करा' असं सांगणारं पत्र आहे, परवानगी नव्हे. अंतिम मान्यता हुकली तर मुलांचं वर्ष जातं. फार्मसी, विधी, बीएड असेल तर त्या त्या केंद्रीय परिषदेची मान्यता निराळी. प्रवेश घेण्यापूर्वी पालकांनी संलग्नीकरणाचं त्या वर्षाचं पत्र बघायला मागावं. गेल्या वर्षीचं चालत नाही.

अनुदानित महाविद्यालयातली प्राध्यापक भरती तर साखळीच आहे. कार्यभाराचं, म्हणजे शिकवण्याचे तास किती याचं, प्रमाणपत्र, बिंदुनामावलीची तपासणी, कोल्हापूर विभागाच्या सहसंचालकांचं ना हरकत, जाहिरात, विद्यापीठाचे प्रतिनिधी असलेली निवड समिती, विद्यापीठाची मान्यता, शेवटी सहसंचालकांकडून वेतननिश्चिती. ना हरकत मिळायला राज्यानं पदभरतीला परवानगी दिलेली असावी लागते, आणि ती वित्त विभागाच्या हातात. ती येईपर्यंत वर्ग तासिका तत्त्वावरच्या, म्हणजे तासाप्रमाणे पैसे मिळणाऱ्या, शिक्षकांवर चालतात. जाहिरात का निघत नाही असं प्राचार्यांना विचारण्यात अर्थ नाही. सहसंचालकांकडे माहिती अधिकारात दोनच गोष्टी मागाव्यात: त्या महाविद्यालयाची मंजूर आणि रिक्त पदं किती, आणि ना हरकतीचा प्रस्ताव कोणत्या तारखेपासून कुठल्या टेबलावर आहे.