वांगणीला गरवायला: नऊ जण, अकरा चिलापी

ऐरोलीहून आम्ही नऊ जण निघालो. दोन बिऱ्हाडं, चार पोरं आणि माझी सत्तरीतली आत्या. आत्या पनवेलकडची, त्यामुळे ती मासेमारी करत नाही, ‘गरवायला’ जाते, म्हणजे गळाने मासे धरायला. ठाण्याला गाडी बदलतानाच तिने बजावलं होतं, “आधी सावली बघा, मग पाणी, मासा सगळ्यात शेवटी.” आम्ही अर्थातच ऐकलं नाही.

वांगणी का, तर उल्हास नदी कल्याणकडे उतरेल तशी नासत जाते. मोहने-कल्याण पट्ट्यात जलपर्णीतून गळ सुखरूप बाहेर काढला तरी नशीब. बदलापूरच्या वरच्या अंगाला पाणी बरं आहे, आणि भिवपुरीच्या टाटा वीजकेंद्रातून सुटलेलं पाणी याच नदीला मिळत असल्याने फेब्रुवारीतही धार असते. बारवी, मोरबे विसरा. ती पिण्याच्या पाण्याची धरणं. इतर बऱ्याच तलाव-धरणांतली मासेमारी मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेली असते, तिथे गुपचूप गळ टाकणं म्हणजे दुसऱ्याच्या शेतात शिरणं. नदीवरही आधी गावात विचारा. आम्ही चहाच्या टपरीवर विचारलं, तर जागेसकट सगळी माहिती मिळाली.

ठाण्याहून कर्जत किंवा खोपोली लोकलच पकडा, बदलापूर लोकल एक स्टेशन आधी सोडते. बांबूच्या काठ्या जुन्या साडीत गुंडाळून मालडब्यात नेल्या. निघण्याआधी रविवारचा मेगाब्लॉक बघून घ्या. आम्ही बघितला नाही, त्याचं पुढे येतंच.

पहिली जागा माझी निवड. खडकाखाली काळाभोर डोह, मासा असणारच अशी. पण खडकावर शेवाळ, सावली औषधालाही नाही, आणि पोरांना बसवायचं कुठे? तासभर आम्ही मासे कमी आणि पोरंच जास्त धरली. त्यात मित्राने गळ मागे झटकला तो थेट त्याच्याच अंगठ्यात. गळाला उलटा काटा असतो, ओढलं तर मांस फाटतं. ओढू नका. तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) कापून आम्ही त्याला तसाच रिक्षाने दवाखान्यात नेला, डॉक्टरांनी गळ काढून धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. तेव्हापासून घरून निघतानाच सगळ्या गळांचे काटे पक्कडीने दाबून घेतो. एखादा मासा सुटतो, सुटू दे.

दुसरी जागा आत्याची. करंजाची सावली, वाळू-गोट्यांचा उतार, पोरांच्या पोटरीएवढं पाणी. उथळ पाण्यात चिखलात परातीएवढे गोल खळगे दिसले. ती चिलापीची (तिलापिया माशाची) घरटी. नर खळगा करतो, मादी अंडी तोंडात घेऊन निघून जाते आणि पिल्लं होईपर्यंत जवळजवळ उपाशी राहते, म्हणून त्या दिवसांत ती आमिषाला फारशी तोंड लावत नाही. गळाला आलेले बहुतेक नरच होते. काळेकुट्ट अंग, गळा पांढरट, परांना लाल किनार. हा मासा मूळचा आफ्रिकेतला, १९५२ साली भारतात आणलेला. आता इथे इतका रुळलाय की मुलगी म्हणाली, “बाबा, हा आपल्याच गावचा वाटतो.”

सामान फार नको. आठ-दहा नंबरचा गळ (नंबर जितका मोठा, गळ तितका लहान), गहूभर शिसं, थर्माकोलचा तुकडा तरंगायला. आमिष म्हणजे घट्ट कणीक, त्यात हळद आणि ठेचलेला लसूण. गांडूळ लावलं की शिंगटी येते. तिच्या कल्ल्यामागचे आणि पाठीवरचे काटे बोचले तर हात ठणकतो, ओलं फडकं घेऊनच धरा. सकाळी दहानंतर मासा थंडावला, मग चारनंतर पुन्हा आला. मधल्या वेळात जेवण, झोप, भांडणं. मी महागाचा फिरकीचा रॉड नेला होता. त्याला दिवसभरात एक चप्पल लागली.

एक सांगतो. दुपारी पाण्याकाठी ठेवलेला डबा उचलायला गेलो तर खालचा दगड पाण्यात गेला होता. आभाळात ढगाचा ठिपकाही नव्हता, पण वीजकेंद्रातून पाणी सुटलं की पाऊस नसतानाही नदी चढते. म्हणून चपला, डबे, पोरं, सगळं काठापासून चार पावलं वर ठेवा. पावसाळ्यात तर इकडे फिरकूच नका. २०१९ च्या जुलैत याच उल्हासच्या पुरात वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली होती. आत्या लहानपणीच्या वलगणीच्या गोष्टी रंगवून सांगते, पहिल्या पावसात शेतात चढणारे मासे वगैरे, पण ते अंडी घालायला निघालेले असतात. अंड्यांनी पोट भरलेली मासळी धरू नये, हेही तीच सांगते.

परतीला मेगाब्लॉकने गाठलं. फलाटावर दीड तास, मासे पिशवीत. बर्फ सरबतवाल्याकडून मागून घेतला. तुम्ही थर्माकोलचा डबाच न्या आणि मासे नदीवरच साफ करा. चिलापीच्या पोटात आतून काळी पातळ साल असते, ती मिठाने घासून काढा. मग अर्धा तास चिंचेच्या पाण्यात.

अकरा मासे नऊ जणांत वाटले. डोकी मात्र आत्याने कोणालाच दिली नाहीत.