वळू गायीवर जात नाही म्हणून हार्मोनचं इंजेक्शन देताय? आधी हे वाचा

चांगला पोसलेला वळू, अंगावर तेज, पण माजावरची गाय समोर आणली की नुसता हुंगतो आणि मान फिरवतो. मग कुणीतरी सल्ला देतंच, एक टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन टाका, लगेच लाईनवर येईल. हे ऐकलं की मला मनापासून राग येतो, कारण यात त्या मुक्या जनावराचं नुकसान होतं.

टेस्टोस्टेरॉन, म्हणजे अंडकोषात बनणारं नराचं हार्मोन, लागतं यात वाद नाही. 1849 ला जर्मनीत गॉटिंगनला बर्थोल्ड या शास्त्रज्ञाने कोवळ्या कोंबड्यांचे अंडकोष काढले तर त्यांचा तुरा खुरटला, आरवणं गेलं, कोंबडीकडे बघेनात, आणि ज्यांच्या पोटात अंडकोष परत ठेवला ते मात्र नॉर्मल कोंबडे झाले. नसा तर तुटलेल्याच होत्या, म्हणजे जे काय होतं ते रक्तातून जात होतं. पण ते रक्तातून जाऊन काम कुठे करतं? मुख्य म्हणजे मेंदूत, तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस नावाच्या भागाच्या पुढच्या बाजूला.

अमेरिकेत एलेन हल या संशोधक बाईंनी नर उंदरांवर यावर वर्षानुवर्षं काम केलंय. भोकं असलेल्या पडद्यामागे माजावरची मादी ठेवली, म्हणजे वास येतो, दिसते, पण जाता येत नाही, तरी नराच्या मेंदूच्या या भागात डोपामिन, म्हणजे पेशींमध्ये निरोप पोचवणारं रसायन, वाढतं आणि पडदा काढला की तो तिच्याकडे जातो. खच्ची केलेल्या नरात ते वाढतच नाही. आणि गंमत बघा, त्याच्या पेशींमध्ये डोपामिनचा साठा उलट जास्तच सापडला, फक्त तो बाहेर सोडला जात नव्हता! टेस्टोस्टेरॉनमुळे तिथे नायट्रिक ऑक्साईड बनवणारं एन्झाइम वाढतं आणि त्याने डोपामिन सुटायला मदत होते. खच्ची नरांना डोपामिनसारखं काम करणारं अपोमॉर्फिन दिलं तर त्यांची इच्छा काही प्रमाणात परत येते, म्हणजे इच्छेची चावी मेंदूत आहे, हार्मोन ती चावी फिरेल अशी सोय करतं. अनुभवी बोका खच्ची केला तरी बरेच दिवस मादीवर चढत राहतो ते उगाच नाही.

उलट दिशेनेही हेच चालतं. 1975 च्या एका अभ्यासात अनोळखी मादी समोर आल्यावर नर उंदरांच्या रक्तातलं टेस्टोस्टेरॉन वाढलेलं दिसलं. आधी मेंदूने मादी ओळखली, मग हायपोथॅलॅमसने मेंदूखालच्या पिट्यूटरी ग्रंथीला इशारा दिला, तिने एलएच हे अंडकोषांना जागं करणारं हार्मोन सोडलं, मग अंडकोष कामाला लागले.

आता बाहेरून टेस्टोस्टेरॉन टोचलं की मेंदूला वाटतं भरपूर आहे, तो इशारे थांबवतो, एलएच पडतं, अंडकोष आकसतात आणि वीर्यातले शुक्राणू घटतात. वळूत शुक्राणू तयार व्हायलाच जवळपास 2 महिने जातात, त्यामुळे सुधारणाही लवकर दिसत नाही. म्हणजे ज्यासाठी वळू पाळला तेच हातातून गेलं.

वीर्य संकलन केंद्रावर काम कसं चालतं ते एकदा जवळून बघा. वळूला डमीजवळ, म्हणजे फक्त चढण्यासाठी उभ्या केलेल्या जनावराजवळ आणतात, चढू देतात पण लगेच खाली ओढतात, थोडं थांबवून परत, आणि मगच कोमट पाण्याने गरम केलेल्या कृत्रिम योनीत वीर्य घेतात, आणि यात शुक्राणूही जास्त मिळतात. कंटाळलेल्या वळूपुढे डमी बदलला किंवा जागा बदलली की तोच वळू परत तयार होतो. ओल्या फरशीवर एकदा पाय घसरून पडलेला वळू मात्र पुढे कितीतरी दिवस चढायला बघत नाही, त्याच्या रक्तात काही कमी नसतं, त्याला भीती बसलेली असते.

म्हणून वळू गायीवर उडत नसेल तर आधी खूर बघा, मागचे सांधे बघा, जमीन निसरडी आहे का, ऊन फार आहे का, कुणी मारलंय का, गाय खरंच माजावर आहे का. मग पशुवैद्यकाकडून वीर्य तपासून घ्या. इंजेक्शनची बाटली तोवर कपाटातच राहू द्या.