थोरल्या मुलाचा प्रश्न

ठाण्यातील एका मराठी ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मी पाळक आहे आणि नव्याने ख्रिस्तावर विश्वास ठेवणाऱ्यांना शिकवणे हा माझ्या सेवेचा मोठा भाग आहे. रविवारच्या उपासनेनंतर त्यांचा वेगळा वर्ग बसतो. त्यात आम्ही प्रथम बायबलमधील मार्ककृत शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या जीवनाचा वृत्तांत, घेतो, कारण चारही शुभवर्तमानांत ते सर्वांत लहान, 16 अध्यायांचे आहे, आणि पवित्र शास्त्र पहिल्यांदाच हाती घेणाऱ्यालाही ते तडीस नेता येते. प्रार्थना कशी करावी, वचनाचे मनन कसे करावे, हे वर्गात शिकवता येते. पण विश्वासाचा कस लागतो तो घरात, सणावाराला, आणि सर्वांत जास्त मृत्यूच्या प्रसंगी.

उथळसरला राहणारा एक तरुण या वर्गात नियमाने येत असे. घरातून विश्वासात आलेला तो एकटाच होता आणि त्याचा बाप्तिस्मा अजून व्हायचा होता. बायबलमधील प्रेषितांच्या कृत्यांत फिलिप्पैच्या तुरुंगाधिकाऱ्याचा बाप्तिस्मा त्याने विश्वास ठेवला त्याच रात्री झाला, तर पुढे तिसऱ्या शतकातील रोमच्या मंडळीशी जोडल्या जाणाऱ्या नियमावलीत बाप्तिस्म्यापूर्वी तीन वर्षांचे शिक्षण सांगितले आहे. मी ठरावीक मुदत घालत नाही, मात्र घरच्यांशी मोकळेपणाने बोलल्याशिवाय घाई करू नये, असे आग्रहाने सांगतो.

पावसाळ्यातील एका सकाळी त्याचा फोन आला. वडील पहाटे गेले होते. हा थोरला मुलगा, त्यामुळे अग्नी द्यायचा मान आणि जबाबदारी त्याची; पण काकांनी सर्वांदेखत सांगून टाकले होते की हा आता आपल्यातला राहिला नाही, धाकट्याला पुढे करा. तेवढ्यात आमच्याच मंडळीतील एका हितचिंतकाने त्याला फोनवर बजावले होते की मेलेल्यांना आपल्या मेलेल्यांना पुरू दे, असे प्रभूनेच म्हटले आहे, तेव्हा यातल्या कशालाही हात लावू नकोस. "पास्टर, मी काय करू ते तुम्हीच सांगा," एवढेच तो म्हणत होता.

मी पोहोचलो तेव्हा खाली बांबू आणून टाकले होते आणि तिरडी बांधणे चालू होते. जिन्याच्या वळणावर आम्ही दोघे उभे राहिलो. अशा वेळी नवीन विश्वासणारा आपल्या तोंडून निघेल ते देवाची आज्ञा समजून करायला तयार असतो आणि नेमके म्हणूनच पाळकाने आज्ञा देऊ नये, असे माझे ठाम मत आहे. मी त्याला विचारले, "आई काय म्हणते?" त्याने आईला विचारलेच नव्हते. मग मी विचारले, "आईवडिलांबद्दल मार्कात काय वाचलेस?" तो थोडा वेळ गप्प राहिला आणि त्याला सातवा अध्याय आठवला. तुम्हाला माझ्यापासून जे मिळायचे ते कुर्बान, म्हणजे देवाला वाहिलेले आहे, असे सांगून आईबापांसाठी काहीच न करणाऱ्यांना मोकळीक देणाऱ्या शास्त्र्यांना येशूने तेथे खडसावले आहे. "म्हणजे देवाचे नाव सांगून मला बाबांना टाळता येणार नाही," तो म्हणाला. हे मी त्याला शिकवले नव्हते. वर्गात तो अध्याय आम्ही घाईतच पार केला होता.

पुढचे बोलणे व्यवहाराचे होते. दहनाने पुनरुत्थानाला, म्हणजे मेलेल्यांच्या पुन्हा जिवंत होऊन उठण्याला, बाध येत नाही, हे मी त्याला सांगितले. रोमन कॅथलिक चर्चनेही दहनावरील बंदी 1963 साली उठवली आहे. पण देहाला निरोप देणे वेगळे आणि मृताच्या पुढील गतीसाठी पिंड देणे वेगळे, कारण दुसऱ्या गोष्टीत आपण कशावर भरवसा ठेवतो याचा प्रश्न येतो. ही रेषा नेमकी कोठे ओढावी याबद्दल आमच्या पाळकांतही मतभेद आहेत आणि माझ्यापेक्षा कडक भूमिका घेणाऱ्यांना मी चुकीचे म्हणणार नाही. मला स्वतःला जुन्या करारातील नामान या अरामी सेनापतीची गोष्ट आठवते; तो इस्राएलाच्या देवावर विश्वास ठेवू लागला होता. आपल्या धन्याबरोबर रिम्मोन या परक्या दैवताच्या देवळात वाकावे लागेल, असे त्याने सांगितले, तेव्हा अलीशा संदेष्ट्याने त्याला नियमांची यादी दिली नाही. शांतीने जा, एवढेच म्हटले.

तो वर गेला आणि काकांपुढे हात जोडून म्हणाला, "खांदा मी देईन, अग्नी मी देईन. संकल्प आणि पिंडदान मात्र धाकट्याने करावे, मी त्याच्या शेजारी बसेन." काका संतापले. तेव्हा आई म्हणाली, "भावोजी, थोरला आहे तो. बापाला त्याच्याच हातून जाऊ द्या." त्यानंतर वाद झाला नाही. जवाहरबाग स्मशानभूमीत पाण्याचे मडके खांद्यावर घेऊन त्याने तीन फेऱ्या घातल्या. प्रत्येक फेरीला मडक्याला दगडाने भोक पाडले जात होते आणि गळणाऱ्या पाण्याने त्याची पाठ भिजली होती. त्याचे ओठ हलत होते. प्रभूची प्रार्थना म्हणत होतो, असे त्याने नंतर सांगितले.

दहाव्याला तो ठरल्याप्रमाणे धाकट्याच्या शेजारी बसला. तेराव्याच्या जेवणाबद्दल विचारायला आला, तेव्हा मूर्तींना वाहिलेल्या अन्नाबद्दल सांगणारा करिंथकरांस पहिल्या पत्राचा दहावा अध्याय आम्ही संपूर्ण वाचला आणि निर्णय त्याच्यावर सोडला. नैवेद्याच्या पानातले त्याने घेतले नाही, पण पंगतीत वाढायला तोच पुढे होता.

आपल्याकडे कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 साली झाला आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा 1900 साली. मधली वर्षे त्या घराला किती जड गेली, हे लक्ष्मीबाईंनी स्वतः लिहून ठेवले आहे. घरच्यांना वेळ द्यावा लागतो, असे मी वर्गात सांगतो तेव्हा हेच उदाहरण देतो. या तरुणाने बाप्तिस्मा वडिलांचे वर्षश्राद्ध होईपर्यंत पुढे ढकलण्याची परवानगी मागितली, कारण त्याआधी त्याला आईशी सविस्तर बोलायचे आहे. मी आनंदाने हो म्हटले. काका त्याच्याशी अजून बोलत नाहीत. आम्ही दोघांनी आता रोमकरांस पत्र वाचायला घेतले आहे.