लॅच काही उघडेना

मी फिजिओ आहे, ठाण्यात होम व्हिजिट करते, नौपाडा, चरई, पाचपाखाडी असं स्कूटरवर फिरून. ही केस नौपाड्यातल्या जुन्या बिल्डिंगमधली, तिसरा मजला आणि लिफ्ट नाही. आजोबा ७६ वर्षांचे, घरात सगळे अप्पा म्हणतात म्हणून मीही अप्पाच म्हणायचे. तक्रार गुडघ्याची. पूर्वी रोज तलावपाळीला दोन फेऱ्या मारून कौपिनेश्वराचं दर्शन घेऊन यायचे, आता जिना नको म्हणून खालीच उतरत नाहीत. माझ्या तीन व्हिजिट झाल्या, गुडघ्याला शेक, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून दाबायची, पाय सरळ उचलायचा, नेहमीचंच सगळं.

चौथ्या वेळी गेले तेव्हा मुलगा-सून ऑफिसला, अप्पा एकटे. बेल वाजवल्यावर "आलो आलो" करत आले, लाकडी दार उघडलं पण सेफ्टी डोअरचं लॅच काही फिरेना. जाळीतून त्यांचे हात दिसत होते, आधी उजवा, मग दोन्ही, मग पंचाचं टोक गुंडाळून. "गंजलंय मेलं," म्हणाले. पाचेक मिनिटं मी तशीच पायरीवर, शेवटी समोरच्या काकूंनी त्यांच्याकडची जादा चावी आणून उघडलं. आत गेल्यावर मी सहज ते लॅच फिरवून बघितलं तर दोन बोटांनी फिरलं. अप्पांनी माझ्याकडे बघितलं आणि मग पंख्याकडे.

हाताची पकड मोजायचं मशीन माझ्या स्कूटरच्या डिकीत असतं, तिन्ही वेळा तिथेच पडून होतं कारण मी गुडघ्यासाठी आले होते ना! खाली जाऊन घेऊन आले. रीडिंग १७ किलो. आपल्या आशियाई लोकांसाठी २०१९ मध्ये जे निकष ठरलेत त्यात पुरुषांची पकड २८ किलोच्या खाली गेली की ताकद कमी धरतात. मग खुर्ची. हात छातीवर घेऊन पाच वेळा उठायचं-बसायचं, १२ सेकंद किंवा जास्त लागले तर गडबड. अप्पा दुसऱ्यांदा अर्ध्यात अडकले, तिसऱ्यांदा हात टेकले, मी थांबवलं. पोटरीला टेप लावली, ३० सेंटीमीटर, पुरुषांना निदान ३४ हवी. गुडघा बिचारा उगाच बदनाम झाला होता. आणि पँटच्या पट्ट्याला खिळ्याने पाडलेली तीन नवी भोकं. फाइलमध्ये गेल्या वर्षी वजन ६१, वजनकाट्यावर उभं केलं तर ५४. मुलाने पहिल्या दिवशी मला कौतुकाने सांगितलं होतं की गोड बंद केल्यापासून बाबा छान हलके झालेत, आणि मीसुद्धा हो हो म्हणाले होते.

मग विचारलं, अप्पा आज जेवलात काय? "दोन पोळ्या, दुधीची भाजी, वरण-भात." एकदम पाठ केल्यासारखं. तेवढ्यात खिडकीच्या ग्रीलवर कावळा येऊन बसला, हक्काने, आणि कट्ट्यावर बघितलं तर पोळीचे तुकडे. मी काही बोलले नाही, नुसतं विचारलं की कवळी कुठे आहे तुमची. देवघराखालच्या ड्रॉवरमध्ये, वातींच्या शेजारी, स्टीलच्या डबीत! चार महिने. हिरड्या झिजतात, कवळी सैल होते, मग टोचते. "सुनेला सांगू नका, एवढे पैसे घालून केलीय."

म्हणजे खरं खाणं काय, तर सकाळी चहा-बिस्किट, दुपारी पातळ वरण आणि मऊ भात, संध्याकाळी परत चहात बुडवून खारी, रात्री वाटीभर दूध-भात. तिथेच बसून हिशेब केला, दिवसाचं प्रोटीन पंचवीस ग्रॅमच्या आतच. या वयात किलोमागे निदान १ ते १.२ ग्रॅम लागतं, म्हणजे अप्पांना ५४ ते ६५. उलट आपल्याला वाटतं म्हाताऱ्या माणसाला हलकंच द्यावं. स्नायू वयाबरोबर झिजतात ते झिजतातच, त्याला सार्कोपेनिया म्हणतात, १९८९ मध्ये रोझेनबर्ग यांनी दिलेलं नाव, ग्रीकमधून, मांसाची गरिबी असा काहीसा अर्थ. पण अप्पांच्या बाबतीत निम्मी गरिबी त्या डबीत होती.

सुनेला फोन केला तेव्हा ती लोकलमध्ये होती, "मॅडम मी रोज पहाटे उठून डबा भरून ठेवते हो," आणि मग बराच वेळ नुसता गाडीचा आवाज. तिची चूक नव्हतीच. मी त्यांना आधी फिजिशियनकडे पाठवलं, कारण सात किलो वजन आपोआप उतरणं म्हणजे फक्त कवळी असं धरून चालत नाही, आणि प्रोटीन वाढवायच्या आधी किडनी बघायलाच हवी. रिपोर्ट ठीक आले, डी आणि बी-१२ कमी निघालं, डेंटिस्टने कवळी आतून भरून बसवून दिली. मुलगा पावडरचा डबा घेऊन आला होता, मी म्हटलं राहू दे, आधी पिठलं करा. मग पिठलं, मुगाचं मऊ धिरडं, कुस्करलेलं पनीर, घट्ट वरण, दही, आणि अप्पांना अंडं चालतं (बायको असताना चालत नव्हतं) म्हणून सकाळी दोन अंड्यांची भुर्जी. एका जेवणात सगळं न कोंबता तिन्ही वेळेला थोडं थोडं. आणि खुर्चीवरून उठणं, रबर बँड, पाण्याची भरलेली बाटली उचलणं, कारण नुसतं खाऊन स्नायू येत नाहीत, त्याला कामही लागतं. पहिले पंधरा दिवस मला रोज शिव्याच बसल्या.

अडीच महिन्यांनी पकड २१, खुर्ची हात न टेकता पाच वेळा पण १६ सेकंद, म्हणजे अजून पास नाहीत. वजन ५६. एकदा काठी घेऊन तलावपाळीपर्यंत जाऊन आले, एकच फेरी. मला खरं तर ते लॅच त्यांनी उघडलेलं बघायचं होतं, पण मुलाने मधल्या काळात ते काढून नवीन बसवलं, हात लावला की उघडतं असं.